यात्रेकरूंना खोली देताना

वसमत ही हळदीची नामांकित बाजारपेठ. औंढा नागनाथ व नांदेडचा हुजूर साहिब गुरुद्वारा येथून जवळच असल्याने राहत्या घरातील खोली यात्रेकरूंना चार दिवस भाड्याने देणे, हा चांगला जोडधंदा ठरू शकतो. मात्र नांदेडला परदेशस्थ भाविकही येतात. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या आप्रवास व विदेशी नागरिक अधिनियमानुसार विदेशी पाहुण्याच्या आगमनाची माहिती निवास देणाऱ्याने २४ तासांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास ऑनलाइन कळविणे बंधनकारक आहे. पाहुणा अस्खलित पंजाबी वा मराठी बोलत असला, तरी पारपत्र परदेशाचे असल्यास ही जबाबदारी टळत नाही. तेव्हा किल्ली हाती देण्यापूर्वीच पारपत्र व व्हिसा पाहून तपशील उतरवून घ्यावा. वस्तू व सेवा कराची नोंदणी वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपलीकडे गेल्यास करावी लागते. एका खोलीवर तशी वेळ क्वचितच यावी.