पुण्याच्या विद्यापीठात पोरगी राहते कशी?

मुलगी बी.ए., बी.एस्सी. झाली की आपल्या भोर-वेल्ह्यात घरोघरी एकच प्रश्न निघतो, "आता आणखी पुण्याला पाठवून करायचं काय?" तिथं दिवस कसा जातो आणि पैसा कुठं लागतो, हे माहीत असलं तर निर्णय नीट घेता येतो. म्हणून आज तेच सांगते.

आधी एक घोळ मिटवू. भोरच्या कॉलेजात शिकणारी मुलगीसुद्धा पुणे विद्यापीठाचीच विद्यार्थिनी. पण गणेशखिंडीत विद्यापीठाचं स्वतःचं आवार आहे, तिथं मुख्यतः पदवीनंतरचं शिक्षण चालतं. हे विद्यापीठ १९४९ साली सुरू झालं. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुल्यांचं नाव दिलं. सावित्रीबाई नीरेपलीकडच्या, शिरवळजवळच्या नायगावच्या, म्हणजे आपल्या शेजारणीच की!

आवार चारशे एकरांहून मोठं, झाडी दाट. सकाळी विभागात तास, दुपारी जयकर ग्रंथालयात वाचन, संध्याकाळी मेसचं जेवण आणि पुन्हा अभ्यास. परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि मधल्या चाचण्यांचेही गुण धरतात. त्यामुळे शेवटच्या महिन्यात पाठ करून भागत नाही. मराठी माध्यमातली मुलगी पहिले दोन-तीन महिने वर्गात गप्पच बसते. इंग्रजीची भीती असते, शहरातल्या मुली फाडफाड बोलतात. फोनवर रडते, "करमत नाही" म्हणते. लगेच "ये निघून" म्हणू नका. दिवाळीपर्यंत बहुतेकींचं बस्तान बसतं.

आता पैशाचं. "मुलींना शिक्षण मोफत झालंय" हे अर्धंच खरं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना शासनाच्या प्रवेश प्रक्रियेतून गेलेल्या, ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटांतल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षेची फी माफ झाली. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. पण खोली, जेवण, एसटी यांचे पैसे या फीमाफीत येत नाहीत, आणि माझ्या मते मुलगी अडते ती इथंच. रोज भोरहून जाऊन-येऊन करायचं तर स्वारगेटपर्यंत एसटी, पुढं शहर ओलांडून बस. वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या गावाची संध्याकाळची गाडी चुकली की संपलंच.

वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. मग मुली 'कॉट बेसिस'वर राहतात, म्हणजे एका खोलीत तिघी-चौघी, प्रत्येकीचं भाडं पलंगापुरतं. डबा वेगळा. काही मुली विद्यापीठाच्या 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात किंवा कार्यालयात रोज थोडे तास काम करतात. त्यात हातखर्च निघतो, सगळा खर्च नाही.

शिष्यवृत्ती उशिरा खात्यात येते, अनामत मात्र पहिल्याच दिवशी भरावी लागते. इथं आपला बचत गट कामाला येतो. शेळीसाठी कर्ज देतो, तसं मुलीच्या अनामतीसाठीही द्यावं. शिष्यवृत्ती आली की फेडता येतं.

रात्रीबेरात्रीची काळजी सगळ्यांनाच असते. वसतिगृहात यायची वेळ ठरलेली असते. रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे, आणि छेडछाडीची तक्रार ऐकणारी समिती प्रत्येक कॉलेजात असावीच लागते. तिच्यावर कोण आहे, हे मुलीला पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवायला सांगा.

प्रवेशाचे दिवस नेमके भातलावणीचे. चिखलातून उठून तहसीलला कोण जाणार? म्हणून उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे महिन्यातच काढा. जात पडताळणीला वेळ लागतो, तो अर्ज त्याच्याही आधी करा. आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, ते बघून घ्या. नाहीतर मंजूर झालेली शिष्यवृत्तीही खात्यात पडत नाही.