साडेबारा टक्के कशाचे?

उरणच्या रस्त्यावर करळ फाट्याला उभे राहिले की ट्रेलरांची रांग संपत नाही. प्रत्येकावर वीस किंवा चाळीस फुटांची लोखंडी पेटी. 26 मे 1989 रोजी सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरातून आज केंद्राच्या अखत्यारीतील मोठ्या बंदरांच्या कंटेनर वाहतुकीपैकी सुमारे निम्मी वाहतूक होते. नाशिकची द्राक्षे, कांदा येथूनच परदेशी जातात; उत्तरेकडचा कारखानी माल रेल्वेने येथे येतो.

पेटीचे अर्थशास्त्र सोपे आहे. मुंबईच्या जुन्या गोदीत गोणी माणसाच्या पाठीवरून चढे. त्या पाठी कोणत्या जातींच्या होत्या, हे वेगळे सांगायला नको. लढ्यातून 1948 चा गोदी कामगार कायदा आला, त्याखालच्या योजनेने नोंदणीकृत कामगाराला काम नसलेल्या दिवशीही काही पैसे मिळू लागले. नव्या बंदरात मात्र पेटी क्रेन उचलते. टोळीच लागत नाही. 1999 पासून येथे खाजगी टर्मिनले आली. 2022 मध्ये बंदराने स्वतःचे टर्मिनलही खाजगी हाती दिले. बंदर आता जमीनमालक, कंपन्या भाडेकरू.

पण ही जमीन बंदराकडे आली कोठून?

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातील गावांच्या जमिनींवर संपादनाचे सावट आले. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला. पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. त्या लढ्याला माझा सलामच आहे.

तरीही मी विचारतो, साडेबारा टक्के कशाचे? संपादित जमिनीचे. ज्याच्या नावावर गुंठाही नव्हता त्याचे साडेबारा टक्के शून्यच. परक्याच्या बांधावर राबलेला बौद्ध शेतमजूर, मिठागरातला मजूर, कातकरी यांपैकी कोणाचेही नाव सातबाऱ्यावर नव्हते. कोळ्याच्या खाडीचा तर सातबाराच नसतो. 1937 मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हाही प्रश्न हाच होता: कसणारा मोठा की कागद?

2013 च्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणाऱ्या भूमिहीन मजुरालाही प्रकल्पग्रस्त मानले. पण तोवर बंदर चोवीस वर्षांचे झाले होते. त्या मजुरांची यादी आज करायची झाली, तर जुन्या मतदारयाद्या आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांची आठवण घेऊनच आपल्याला बसावे लागेल; आणि ती म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत.