आर्थिक विषमता व मतदानवर्तन

आर्थिक विषमता व मतदानवर्तन : उत्पन्न, जमीन व संपत्ती यांच्या विषम वाटपाचा मतदारांच्या पक्षनिवडीवर आणि मतदानातील सहभागावर होणारा परिणाम. प्रौढ मताधिकार मिळताच बहुसंख्य गरीब संपत्तीच्या पुनर्वाटपाचा पुरस्कार करणाऱ्या पक्षाच्या पाठीशी उभे राहतील, ही अपेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमधील कामगारवर्ग व मजूर पक्ष यांच्या नात्यात ती बऱ्याच अंशी खरी ठरली. भारतात राजकीय समता व आर्थिक विषमता यांतील विसंगतीचा धोका डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दाखवून दिला होता. तथापि येथील मतदानात वर्गभेद सरळपणे क्वचितच उमटतो. गरीब मतदानापासून दूर राहतात असे मात्र नाही. अमेरिकेत गरिबांचे मतदान कमी असते, भारतात ते श्रीमंतांहून कमी नसल्याचे १९९० नंतरच्या सर्वेक्षणांत आढळले.

पक्ष अनेक असले की गरिबांची मते जात, धर्म व स्थानिक नेतृत्व यांनुसार विभागतात. अकोल्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्ष, काँग्रेस व वंचित बहुजन आघाडी अशी तिरंगी लढत होऊन विजयी उमेदवारास निम्म्याहून कमी मते पडली.

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटाचे उदाहरण याहून बोलके आहे. सिपना नदीकाठच्या सेमाडोहसारख्या कोरकू वस्तीच्या गावांत विषमता गावाच्या आत फारशी नसून ती गाव आणि कापूस पिकविणारे सपाटीवरील वऱ्हाड यांच्यात आहे. त्यामुळे शेजारच्या धनिकाविरुद्ध मत देण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाही. रस्ता, वीज, रोजगार, वनहक्काचे पट्टे या येथील मागण्या असून त्यांचे आश्वासन कोणताही पक्ष देऊ शकतो. साहजिकच मतदार पक्षापेक्षा व्यक्ती पाहतो. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या विधानसभा मतदारसंघात २००९ साली काँग्रेसतर्फे निवडून आलेले केवलराम काळे २०२४ मध्ये भारतीय जनता पक्षातर्फे विजयी झाले. तर २००४ मध्ये याच पक्षाचे आमदार झालेले राजकुमार पटेल २०१९ मध्ये प्रहार जनशक्ती पक्षाकडून निवडून आले होते.

मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करणाऱ्यांना मत देण्याकरिता नोंदणीच्या गावी परतावे लागते, हाही गरिबीचाच एक परिणाम होय. ठरवून मत न देणे ही गोष्ट वेगळी, परंतु मतदानाच्या टक्केवारीत दोहोंची नोंद सारखीच होते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मेळघाटातील काही दुर्गम गावांनी रस्ते, पाणी व वीज यांच्या मागणीसाठी मतदानावर बहिष्कार टाकला.