विश्लेषण : अमेरिकेतल्या शाळेत चौथीतच का ठरते बारावीचे गणित?

सीबीएसईत ‘स्टँडर्ड’ की ‘बेसिक’ गणित, हा प्रश्न दहावीच्या परीक्षेला येतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी पालकांपुढे मात्र असाच प्रश्न मूल तिसरी-चौथीत असतानाच उभा राहू शकतो : नेहमीचे गणित की प्रगत?

दोन्हींत फरक काय?

नेहमीच्या वर्गात त्या-त्या इयत्तेचेच गणित शिकवतात. प्रगत वर्गात बहुधा वेग वाढतो. मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीच्या शाळांनी राबवलेल्या ‘कॉम्पॅक्टेड मॅथ’मध्ये चौथी, पाचवी आणि सहावीचे गणित दोन वर्षांत पूर्ण करण्याची आखणी होती. काही ठिकाणी वेग तोच ठेवून अवघड उदाहरणे दिली जातात.

सगळीकडे नियम सारखे का नाहीत?

अमेरिकेत राष्ट्रीय अभ्यासक्रम नाही. कोणत्या इयत्तेत काय यायला हवे, हे राज्य ठरवते. वर्ग कसे पाडायचे, हे बहुतांशी स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्ट. त्यामुळे घर बदलले की नियमही बदलू शकतात.

बारावीशी संबंध कसा?

अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस अशी ही पायऱ्यांची साखळी आहे. अल्जिब्रा १ आठवीत झाले, तर बारावीत कॅल्क्युलस घेता येते. नववीत सुरू झाले, तर वर्षाला एक पायरी या हिशेबाने गाडी प्रीकॅल्क्युलसवर थांबते. इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्यांसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

निवड कोण करते?

चाचणीचे गुण, शिक्षकांची शिफारस आणि अनेकदा पालकांचा आग्रह. खरा वाद इथेच आहे. व्यवस्था माहीत असलेले पालक पाठपुरावा करतात. तितकेच हुशार, पण ज्याच्यासाठी बोलणारे कोणी नाही असे मूल मागे राहते. म्हणून टेक्सासने २०२३मध्ये कायदा केला. पाचवीच्या राज्य परीक्षेत गणितात वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्या मुलांना सहावीत आपोआप प्रगत वर्ग मिळतो. नको असल्यास पालकांनी तसे कळवायचे.

सर्वांना एकच वर्ग ठेवला तर?

सॅन फ्रान्सिस्कोने २०१४मध्ये आठवीतला अल्जिब्रा बंद करून सर्वांना तो नववीत दिला. पालकांची नाराजी वाढत गेली. मार्च २०२४मध्ये मतदारांनी अल्जिब्रा आठवीत परत आणण्याच्या बाजूने कौल दिला.

पालकांनी काय विचारावे?

निवडीचे निकष कोणते? नंतर प्रगत वर्गात जाता येते का? झेपले नाही तर परत येता येते का? वेगाच्या नादात कोणता भाग घाईत उरकला जातो? अपूर्णांक कच्चे राहिले, तर पुढे अल्जिब्रात ठेच लागतेच. मूल सहावीचे गणित करते की नाही, यापेक्षा चौथीचे पक्के झाले का, हे आधी पाहावे.