शिक्षा की शिकवण?

मुलांनो, भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात सिहोरा नावाचे गाव आहे. आजूबाजूला धानाची शेते आहेत. जवळच चांदपूरचा मोठा तलाव आहे. थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशाची सीमा लागते.

आता अशी कल्पना करा. या गावातील १५ वर्षांच्या एका मुलाने एका रात्री शेतातील पाण्याच्या मोटारीची तार कापली. तारेतील तांबे त्याने भंगारात विकले. त्याला थोडे पैसे मिळाले; पण ज्या शेतकऱ्याची ती मोटार होती, त्याचे धानाचे पऱ्हे, म्हणजे कोवळी रोपे, पाण्यावाचून वाळून गेली. शेतकऱ्याने पोलीस ठाण्यात तक्रार दिली आणि मुलगा सापडला.

या मुलाचे काय करावे? शेतकरी म्हणेल, “माझे वर्षाचे पीक गेले. याला तुरुंगात टाका.” मुलाची आई म्हणेल, “साहेब, तो अजून लहान आहे. त्याचे आयुष्य बिघडवू नका.” दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच मुलांसाठी कायदा करणे हे फार अवघड काम आहे.

आपल्या देशात १८ वर्षांखालील व्यक्तीला कायदा ‘बालक’ मानतो. असा मुलगा पकडला गेला, तर त्याला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला बेड्या घालता येत नाहीत. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांची प्रकरणे पाहणारा एक अधिकारी नेमलेला असतो. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मुलाला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात. त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असते. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घराची, शाळेची आणि सोबत्यांची माहिती काढून मंडळाला देतो. बहुतेक वेळा मुलाला जामीन मिळतो. नाहीतर त्याला निरीक्षणगृहात ठेवतात.

चौकशीत चोरी सिद्ध झाली, तर मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवू शकते, समाजसेवेचे काम देऊ शकते, किंवा पालकांना दंड भरायला सांगू शकते. गरज वाटल्यास त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवता येते. तेथे त्याने शिकावे, एखादा धंदा हाती घ्यावा, अशी अपेक्षा असते. त्याचे नाव वा छायाचित्र वर्तमानपत्रात छापता येत नाही. एका चुकीमुळे पुढे नोकरीचे दार बंद होऊ नये, यासाठी ही काळजी घेतली आहे.

पूर्वी असे नव्हते. लहान मुलेही मोठ्या गुन्हेगारांबरोबर तुरुंगात जात. तेथे ती सुधारण्याऐवजी नवे गुन्हे शिकत. हे पाहून निरनिराळ्या प्रांतांनी आपापले कायदे केले. मुंबई प्रांताने १९२४ साली मुलांसाठी कायदा केला. सिहोरा तेव्हा मुंबई प्रांतात नव्हते. भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताने १९२८ साली आपला कायदा केला. १९५६ साली हा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही; पण राज्य बदलत गेले. राज्याराज्यांतील कायदे सारखे नव्हते. काही ठिकाणी तर असा कायदाच नव्हता, किंवा तो कागदावरच होता.

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगांतील मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. साऱ्या देशासाठी संसदेने एकच कायदा करावा, असे न्यायालयाने १९८६ साली सांगितले. त्याच वर्षी बाल न्याय कायदा झाला. त्यात मुलगा १६ वर्षांपर्यंत आणि मुलगी १८ वर्षांपर्यंत बालक मानली गेली. पुढे १९९२ साली भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार स्वीकारला. त्यानंतर २००० साली नवा कायदा आला आणि मुलगा असो की मुलगी, वयाची मर्यादा १८ झाली.

मग डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला. त्यात तिचा मृत्यू झाला. आरोपींपैकी एकाचे वय १८ ला काही महिने कमी होते. त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे सुधारगृहात ठेवता येत होते. लोक रस्त्यावर आले. वयाची मर्यादा कमी करा, अशी मागणी झाली. न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीने मात्र वय कमी करू नये, असे मत २०१३ साली दिले. शेवटी संसदेने २०१५ साली मधला मार्ग काढला. १८ ची मर्यादा कायम राहिली. पण १६ ते १८ वर्षांच्या मुलाने खुनासारखा अत्यंत गंभीर गुन्हा केला, तर मंडळ त्याची समज व परिस्थिती तपासते. त्यानंतर त्याच्यावर मोठ्या माणसाप्रमाणे खटला चालू शकतो. तरीही त्याला फाशी देता येत नाही.

हा वाद एवढ्यावर संपला नाही. १९ मे २०२४ रोजी पहाटे पुण्यात एका भरधाव मोटारीने दोन तरुणांचा जीव घेतला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. मंडळाने त्याला काही तासांत जामीन दिला. जामिनाच्या अटींपैकी एक होती, रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची. मुलांनो, एवढा निबंध तुम्हीही शाळेत लिहिता. दोन जीव गेले आणि बदल्यात एक निबंध? राज्यभर संताप उसळला. मंडळाने मग मुलाला निरीक्षणगृहात पाठवले. पण जामीन दिल्यावर असे ठेवणे कायद्याला धरून नाही, असे म्हणून उच्च न्यायालयाने जूनमध्ये त्याला सोडण्यास सांगितले. राज्य शासनाने मंडळावरील दोन सदस्यांची चौकशी केली आणि पुढे त्यांना काढून टाकले. वयाची मर्यादा कमी करा, अशी मागणी राज्यातील काही पुढाऱ्यांनीही केली. मोठ्या माणसाप्रमाणे खटला चालवावा, ही पोलिसांची विनंती मंडळाने जुलै २०२५ मध्ये अमान्य केली.

हा कायदा संसदेचा आहे. पण तो चालवण्याचे नियम राज्य करते. मंडळावरील समाजसेवक राज्य नेमते. निरीक्षणगृहांची व्यवस्थाही राज्याकडेच असते. म्हणून मुंबईत आणि हिवाळ्यात नागपूरला भरणाऱ्या आपल्या विधिमंडळाची जबाबदारी मोठी आहे. आमदारांनी केवळ ‘वय किती’ एवढेच विचारून भागणार नाही. सदस्य योग्य नेमले का? परिवीक्षा अधिकारी पुरेसे आहेत का? सुधारगृहात खरोखर शिक्षण मिळते का? ज्याचे नुकसान झाले, त्याचे म्हणणे कोणी ऐकले का? हे प्रश्नही विचारले पाहिजेत. वयाचा आकडा बदलणे सोपे आहे. चांगले सुधारगृह चालवणे कठीण आहे.

आता एका शब्दाकडे पाहा. कायदा, गुन्हा, वकील, जामीन, कैद हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. ते तुमच्या ओळखीचेच आहेत. ‘शिक्षा’ हा शब्द मात्र संस्कृत आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे तालीम. मराठीत शिक्षा म्हणजे सजा. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ! मुलांसाठी कायदा करणाऱ्यांना हे दोन्ही अर्थ सांभाळावे लागतात. नुसती सजा दिली, तर मुलगा कायमचा गुन्हेगार होण्याची भीती असते. नुसती माया केली, तर वाळलेल्या पऱ्ह्यांकडे पाहणाऱ्या शेतकऱ्याला न्याय मिळत नाही.

सिहोऱ्याच्या त्या मुलाला तुम्ही काय सांगाल? शेतकऱ्याच्या शेतात राबून नुकसान भरून दे, असे म्हणाल का? वर्गात यावर चर्चा करा. दोन्ही बाजू शांतपणे ऐका. ज्या वयात कायदा तुम्हांला बालक मानणे थांबवतो, त्याच वयात, म्हणजे १८ व्या वर्षी, तुम्हांला मतदानाचा हक्क मिळतो. तेव्हा कायदे करणारी माणसे तुम्हीच निवडणार आहात. त्याची तयारी आजपासूनच करा.