'जरा नजर टाकाल का?'

मराठीत लिहिणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न 'सध्या काय लिहिताय?' हा नाही. तो आहे, 'जरा नजर टाकाल का?' भाच्याचा नोकरीचा अर्ज, सोसायटीची नोटीस, गणेश मंडळाच्या स्मरणिकेतलं अध्यक्षांचं मनोगत, कुणाच्या तरी साठीचं मानपत्र, शेजारच्या काकांनी तीन वह्यांत लिहून काढलेलं आत्मचरित्र. नजर टाकायला दोन मिनिटं लागतात, असा सार्वत्रिक समज आहे. ती दोन मिनिटं रात्री साडेअकराला संपतात आणि मोबदल्यात चहा मिळतो.

मुक्त लेखकाची गोची त्याच्या कमाईच्या नावातच आहे. इतरांना पगार, फी, मजुरी नाहीतर दलाली मिळते, लेखकाला 'मानधन'. त्यात मान आधी, धन मागून. आणि कधी कधी ते इतकं मागून येतं की तोवर पुढच्या अंकाची तयारी सुरू झालेली असते. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून मराठी लेखकाच्या वर्षाला एक सुगीचा हंगाम दिला खरा, पण एका हंगामावर घर चालत नाही. लेखणीवर जगलेल्या माणसांनी ती नेहमीच एकाहून अधिक कामांना जुंपली. ग. दि. माडगूळकरांकडे आलेल्या निर्मात्याला कथा, पटकथा, संवाद आणि गीतं एकाच दारी मिळत. वेळ पडली तर कवी स्वतः कॅमेऱ्यासमोरही उभे राहत. आचार्य अत्र्यांनी नाटकं आणि अग्रलेख लिहिता लिहिता 'नवयुग वाचनमाला' नावाची शाळकरी पुस्तकंही केली. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही.

आजच्या मुक्त लेखकापुढेही तोच मार्ग आहे, फक्त कामांची नावं बदलली आहेत. आणि नाव असणं महत्त्वाचं. 'नजर टाकणं' या कामाला दर लावता येत नाही. 'मुद्रितशोधन' या कामाला येतो.

छापखान्याच्या भाषेत याला प्रूफं तपासणं म्हणतात आणि त्याचा हिशेब बऱ्याच प्रकाशकांकडे अजूनही फर्म्यावर होतो; साध्या डेमी आकाराच्या पुस्तकात एक फर्मा म्हणजे १६ पानं. पहिलं प्रूफ, दुसरं प्रूफ, मग छपाईआधीचं शेवटचं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम राज्य सरकारने १९६२ साली स्वीकारले. ते आधी १४ होते, पुढे चारांची भर पडून १८ झाले. नियम एवढेच असले तरी ते पुरेसे पाठ असलेली माणसं फार नाहीत, हेच या कामाचं भांडवल. खरी अडचण नियमांची नसते, ग्राहकाच्या वाक्याची असते. 'फक्त शुद्धलेखन बघा' असं तो म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात तीन वेगळी कामं असतात: ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणं, वाक्यं सरळ करणं, आणि तिसऱ्या प्रकरणाचा अर्धा भाग पहिल्यात नेऊन उरलेला काढून टाकणं. पहिलं मुद्रितशोधन, दुसरं भाषासंपादन, तिसरं जवळजवळ पुनर्लेखन. तिन्हींना लागणारा वेळ एकमेकांच्या आसपासही नसतो. जाणते संपादक म्हणून आधी दोन पानं नमुन्यादाखल करून दाखवतात आणि मगच आकडा सांगतात.

या कामाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाल्याची उदाहरणं मराठीत आहेत. 'अंतर्नाद' मासिकाने व्याकरण-सल्लागार म्हणून यास्मिन शेख यांचं साहाय्य घेतलं. संपादकाच्या शेजारी व्याकरणासाठी वेगळं माणूस असावं, हा विचारच मराठी नियतकालिकांत दुर्मीळ. अरुण फडके यांनी तर 'शुद्धलेखन तुमच्या खिशात' ही खरोखर खिशात मावणारी पुस्तिका केली आणि गावोगावी कार्यशाळा घेतल्या. एकाच ज्ञानाची किती रूपं होऊ शकतात पाहा: कोश, पुस्तिका, वर्ग. शाळा, वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, बँका, ज्यांना ज्यांना मराठीत पत्रव्यवहार करावा लागतो त्या सगळ्यांना दोन तासांच्या अशा वर्गाची गरज असते. अनेकांना ती आहे हे कुणी तरी सांगावं लागतं, एवढंच.

शुद्धलेखनाला लागूनच एक किचकट काम आहे: जुन्या मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर. गेल्या तीस-चाळीस वर्षांत श्री-लिपीसारख्या जुन्या प्रणालींत टाइप झालेली हजारो पानं प्रकाशकांच्या आणि संस्थांच्या संगणकांत पडून आहेत. ती ई-पुस्तकात किंवा मोबाइलवर आणायची तर फॉन्ट बदलावा लागतो, आणि बदलणारं सॉफ्टवेअर हमखास अडखळतं ते मराठीच्या खास अक्षरांवर. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोंगरातून माणूस थेट समुद्रात पडतो. 'आचार्यांचा सत्कार' आणि 'आचाऱ्यांचा सत्कार' यांतला फरक यंत्राला ओळखता आला नाही, तर निमंत्रणपत्रिकेत काय घडेल हे सांगायला नको. हे काम कंटाळवाणं आहे. पण कंटाळवाण्या कामाला स्पर्धा कमी असते.

भाषांतराकडे वळणारे लेखक सर्वाधिक, आणि हिशेबात फसणारेही तेच. दर शब्दावर ठरतो, पण कोणत्या शब्दावर? इंग्रजीत 'फ्रॉम द हाउस' हे तीन शब्द. मराठीत 'घरातून' हा एक. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं मराठीत नामाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजी मजकूर मराठीत आला की शब्दसंख्या घटते. दर मूळ इंग्रजी शब्दांवर धरला आहे की तयार मराठी शब्दांवर, हे आधी विचारलं नाही तर पानं तेवढीच भरतात आणि बिल मात्र आक्रसतं. मराठीतून इंग्रजीत जाताना गणित नेमकं उलटं होतं. हा प्रश्न विचारायला संकोच वाटण्याचं कारण नाही. शिंपीही कापड आधी मोजून घेतो.

जाहिरातींचं मराठीकरण ही याच घरातली धाकटी पाती, पण जास्त कमावती. राष्ट्रीय पातळीवरच्या अनेक जाहिराती आधी हिंदीत सुचतात आणि मराठीत येताना हिंदीचं बोट सोडत नाहीत. 'मला मदत करा'च्या जागी 'माझी मदत करा' असं फलकावर दिसतं ते त्यामुळेच. भाषांतर करणारी यंत्रं आता सर्वांच्या हातात आहेत आणि तीही असेच गोंधळ घालतात: कुणी इंग्रजीत आभार मानले आणि समोरच्याने 'यू आर वेलकम' म्हटलं, तर मराठीत तेच 'आपले स्वागत आहे' होऊन पाहुण्याला पुन्हा दारातून आत घेतलं जातं. अशा यांत्रिक मसुद्यांची दुरुस्ती हे आता वेगळं सशुल्क काम झालं आहे. सावध राहण्याची जागा एकच: कच्चा मसुदा वाईट असेल तर दुरुस्तीपेक्षा नव्याने लिहिणं लवकर होतं, म्हणून मसुदा न बघता दुरुस्तीचा दर कबूल करू नये. मराठीकरणाचं काम दुकानांतही आहे. २०२२ साली राज्याने दुकानांच्या मराठी पाट्यांची सक्ती सर्व आस्थापनांना लागू केली आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाटी मराठीत आली. आतलं मेनूकार्ड, पावती आणि माहितीपत्रक बहुतेक ठिकाणी अजून यायचं आहे.

पडद्यासाठी लिहिणाऱ्याला शब्दांऐवजी सेकंद मोजावे लागतात. उपशीर्षकांसाठी नेटफ्लिक्ससारख्या कंपनीचे नियम काटेकोर असतात: एका वेळी फार तर दोन ओळी, आणि एक उपशीर्षक पडद्यावर ७ सेकंदांहून अधिक नाही. पात्र भरभर बोलत असेल तर निम्मं गाळून अर्थ शाबूत ठेवायचा. डबिंगची संहिता त्याहून अवघड, कारण तिथे ओठ दिसतात. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. पडद्यावरच्या नटाचे ओठ ज्या क्षणी मिटतील, त्या क्षणी मराठी वाक्यातही असाच वर्ण यावा लागतो. कवितेत यमक जुळवणाऱ्यांना हे काम चटकन जमतं असं दिसतं. या दोन्ही कामांचा दर मिनिटावर असतो.

ऐकण्याच्या पुस्तकांचंही तसंच. स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी २०१७ च्या अखेरीस भारतात आली ती इंग्रजी, हिंदी आणि मराठी घेऊनच. छापील पुस्तकातल्या तळटीपा, कोष्टकं आणि सात ओळींचं एक वाक्य कानाला पेलत नाही. ते मोडून ऐकण्याजोगं करावं लागतं. ज्याने आकाशवाणीसाठी कधी लिहिलं आहे, त्याला हे शिकवावं लागत नाही.

पण या सगळ्यांत जुनं, भरीव आणि नाजूक काम कोणतं असेल तर ते शब्दांकनाचं. हंसा वाडकर यांनी आपली कहाणी सांगितली, अरुण साधूंनी ती शब्दांत उतरवली आणि १९७० साली 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक आलं. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' हा १९७७ चा चित्रपट त्यावरच बेतलेला. सांगणारीचा आवाज जागेवर राहिला आणि लिहिणारा पडद्याआड गेला, हे त्या पुस्तकाचं यश. आज उद्योजक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी, शेतीत काही वेगळं करून दाखवलेली माणसं, सगळ्यांना आपली गोष्ट पुस्तकात हवी असते आणि लिहायला बसलं की पहिल्या पानावरच अडतं. त्यांच्यासाठी लिहिणाऱ्याने वेळेचा अंदाज चुकवला की वर्ष वाया जातं. एका तासाचं ध्वनिमुद्रण कागदावर उतरवायलाच चार-पाच तास लागतात. त्यानंतर तारखा पडताळायच्या, भावकीतले वाद गाळायचे की ठेवायचे हे ठरवायचं, आणि 'आता हे प्रकरण सूनबाईंनी वाचलं, त्या म्हणतात...' अशा फोनना तोंड द्यायचं. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन, तिसऱ्या फेरीला वेगळे पैसे, असं आधी लिहून ठेवलेलं असलं की सूनबाईंची मतं आश्चर्यकारकरीत्या कमी होतात.

लिहून ठेवण्याला कायद्याचाही आधार आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तो स्वतःच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात, आणि किती काळासाठी हे करारात म्हटलं नसेल तर तो काळ पाच वर्षांचा धरला जातो. पैसे मिळाले म्हणजे हक्क आपोआप गेले, असं दोन्ही बाजूंचे लोक मानतात. दोघंही चुकतात. कराचं म्हणाल, तर सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. मात्र ठरावीक रकमेवर शुल्क गेलं की कंपन्या १० टक्के प्राप्तिकर आधीच कापून घेतात, तो विवरणपत्र भरून हिशेबात धरून घ्यावा लागतो. 'माझे पैसे कमी का आले' या फोनचं उत्तर बहुधा एवढंच असतं.

स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांना हात धरून नेणारं कुणी तरी हवं असतं: मांडणी करणारा गाठून देणं, मलपृष्ठावरचा मजकूर, नामसूची, आयएसबीएन. हा क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाने चालणाऱ्या केंद्रीय यंत्रणेकडून मोफत मिळतो. तो 'मिळवून देण्याचे' पैसे लावणारे आहेत. अर्ज भरून देण्याचं शुल्क घ्यावं, पण क्रमांक विकत घेतल्याचं सोंग करू नये. नामसूचीबद्दल मात्र ग्राहकाला पटवावं लागतं. शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची रचली, त्याच भाषेत चरित्रग्रंथ शेवटी सूची न देता निघतात.

एक बाजारपेठ मात्र शहरी लेखकांच्या नजरेतून सुटते. महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पतसंस्था, दूधसंघ, साखर कारखाने, नागरी बँका, सगळ्यांचे अहवाल त्याआधी छापायचे असतात आणि ते सभासदांसाठी मराठीत असतात. म्हणजे जुलै-ऑगस्टात जिल्ह्याच्या गावी भाषेच्या कामाची सुगी असते, दिवाळी अंकांच्या अगदी शेजारी. अध्यक्षांचं मनोगत दरवर्षी तेच असतं, फक्त ठेवींचा आकडा बदलतो. तरीही ते कुणाला तरी नीट लिहावं लागतं.

समजा, साताऱ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक तीन वह्या घेऊन मुक्त लेखिकेकडे आले. तिने टंकन पानावर, संपादन फर्म्यावर, राहून गेलेल्या आठवणींचं शब्दांकन तासावर, असे आकडे कागदावर मांडून दिले. सरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले, बेरीज तपासली, निम्मी रक्कम आगाऊ दिली. सहा महिन्यांनी पुस्तक आलं. प्रकाशन समारंभाच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन येतो: 'बाई, उद्याचं सूत्रसंचालनाचं एवढं जरा नजरेखालून घालाल का?' आणि ती विचारते, 'सर, कार्यक्रम किती मिनिटांचा आहे?'