तीन खणांच्या मोटारीचे ओसरते दिवस

राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या गुंजवणे गावात एखाद्या रविवारी सकाळी जाऊन उभे राहिले, तर महाराष्ट्रीय मध्यमवर्गाच्या मोटारविषयक अभिरुचीचे सारे दफ्तर एका दृष्टिक्षेपात वाचावयास मिळते. नसरापूर फाट्यावर महामार्ग सोडून, बनेश्वराची झाडी ओलांडून, मार्गासनीपाशी वेल्ह्याचा रस्ता टाळून साखरमार्गे इथवर पोहोचलेल्या आणि भातखाचरांच्या कडेने ओळीने उभ्या राहिलेल्या त्या गाड्यांत उंच बांध्याच्या, रुंद चाकांच्या, मागे सपाट दार असलेल्या मोटारींचेच आधिक्य असते. पुढे इंजिनाचा, मध्ये माणसांचा आणि मागे सामानाचा असे तीन पृथक् खण असलेली, जिला आपण सेडान म्हणतो आणि जुनी मंडळी नुसतीच ‘डिकीची गाडी’ म्हणत, ती मोटार क्वचितच दिसते. आणि दिसली तर पुष्कळदा तिच्या पाटीचा रंग पिवळा असतो, म्हणजे ती भाड्याची असते. जे गुंजवण्यास दिसते तेच देशाच्या हिशेबात उमटले आहे. २०२४-२५ या वर्षात भारतात विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी शेकडा ६५ च्या आसपास मोटारी एसयूव्ही आणि तत्सम उपयोगी वाहनांच्या वर्गातील होत्या, आणि एके काळी प्रतिष्ठेचे दुसरे नाव असलेल्या सेडानचा वाटा शेकडा दहाच्या आत आला होता.

हा पालट किती मोठा आहे हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. स्वातंत्र्यानंतरची जवळजवळ चार दशके आपल्याकडे खासगी मोटार म्हणजे सेडानच, असे समीकरण होते. दुसरा पर्याय नावापुरताच होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली, आणि तीच पुढे सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी या नावाने डॉक्टर, वकील, प्राध्यापक आणि पेढीवाले यांच्या दारात उभी राहिली. तिकडे बंगालमध्ये उत्तरपाड्यास, मॉरिस ऑक्सफर्डच्या साच्यावर बेतलेली अँबॅसिडर १९५७ पासून निघू लागली होती, आणि कलेक्टर कचेरीपासून मंत्रालयापर्यंत जिथे जिथे सरकारचा अंमल होता तिथे तिथे तिचा गोलाकार देह पोर्चमध्ये विसावलेला असे. नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. पण गाडी आली की घरातील सर्वांनी मिळून तिची पूजा करावी आणि पहिल्या प्रवासास देवदर्शनाला जावे, हा शिरस्ता होता. पद्मिनीचे उत्पादन शतक संपता संपता थांबले. अँबॅसिडरचे २०१४ च्या मे महिन्यात थांबले. आणि २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली मुंबईची अखेरची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची विहित मुदत संपल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.

मात्र भोर आणि वेल्हे या मावळी मुलखाचा मोटारींशी आलेला संबंध या शहरी इतिहासापेक्षा अगदी निराळा होता. भोर संस्थानच्या काळात राजगड, प्रचंडगड आदी नावांच्या तालुक्यांत विभागलेला हा डोंगराळ प्रदेश १९४८ मध्ये संस्थानासह मुंबई प्रांतात विलीन झाला. पुढे वेल्हे या नावाने ओळखल्या गेलेल्या तालुक्यास अलीकडे पुन्हा राजगड हेच नाव देण्यात आले, हा इतिहासाचा एक सुखद योग होय. या मुलखात पाऊस धो धो कोसळतो, ओढे क्षणात फुगतात, आणि मोऱ्यांवरून पाणी वाहू लागले की पलीकडची गावे अलीकडच्या गावांपासून तुटतात. अशा ठिकाणी अँबॅसिडर यायची ती पाहुणी म्हणून. मामलेदार असो, मोजणीदारांचे पथक असो की लसीचे डबे घेऊन निघालेला आरोग्य खात्याचा कर्मचारी असो, त्याचा भरवसा जीपवर; आणि सामान्य माणसाचा भरवसा एसटीवर. चाळीसच्या दशकाअखेर महिंद्रांनी मुंबईत जोडणी सुरू केलेल्या विलीज जीपच्या वंशातील वाहने, पुढे आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स, आणि १९९४ मध्ये टाटांच्या टेल्कोने बाजारात आणलेली व कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मुळगांवकर यांच्या नावाची आद्याक्षरे धारण करणारी सुमो, या गाड्यांनी वडापाच्या, म्हणजे सामायिक भाड्याच्या वाहतुकीच्या रूपाने नसरापूर-वेल्हे-भोर या वाटांवरची बाजाराची, शाळेची आणि दवाखान्याची ने-आण केली. आत दाटीवाटीने माणसे, टपावर भाजीच्या पाट्या आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारा किन्नर असे ते दृश्य होते. म्हणजे उंच गाडी ही इथे मुळात हौस नव्हती, ती गरज होती, आणि गरजेपोटी आलेल्या या वस्तूस पुण्या-मुंबईच्या श्रीमंतीत फारसा मान नव्हता.

सेडानचा खरा वैभवकाल मात्र परवानाराज संपल्यानंतरचा. १९९४ ची मारुती एस्टीम, १९९८ ची होंडा सिटी, १९९९ ची ह्युंदाई अ‍ॅक्सेंट या मोटारींनी पद्मिनी-अँबॅसिडरच्या पिढीस वेग, शांतता आणि वातानुकूलन यांची प्रथमच खरी ओळख करून दिली. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, आणि त्याच्या सपाट काँक्रीटवर जमिनीलगत धावणारी, वाऱ्यास कमी अडणारी, वळणावर न झुकणारी ही मोटार आपल्या गुणांसह शोभून दिसली. पुणे जिल्हा तर या वैभवाचे एक माहेरच झाला. १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्को आवारात मर्सिडीजच्या ई-क्लासची जोडणी सुरू झाली. २००२ मध्ये टाटांची इंडिगो आली. २००९ मध्ये रांजणगावहून फियाट लिनिया, त्यानंतर चाकणहून फोक्सवॅगन व्हेंटो आणि स्कोडा रॅपिड निघू लागल्या. त्या काळात मुलाची नोकरी कायम झाली की ‘आता डिकीची गाडी घे’ असे वडीलधारी माणसे म्हणत, आणि त्या वाक्यात घराची एक पायरी वर चढल्याचे समाधान असे.

या वैभवास पहिला तडा गेला तो ग्राहकाच्या मनात नव्हे, सरकारच्या अर्थसंकल्पात. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरहून कमी लांबीच्या आणि पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० घनसेंटिमीटरपर्यंत इंजिन असलेल्या मोटारींवरील अबकारी कर शेकडा २४ वरून १६ वर आणला. हेतू स्तुत्य होता: लहान, काटकसरी मोटारींचे भारत हे केंद्र व्हावे. परंतु लांबी ही कराची कसोटी ठरताच तिचा पहिला बळी ठरला तो सेडानचा तिसरा खण, कारण मोटारीतून कापून काढण्यासारखे तेवढेच होते. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची शेपटी आखडून ती चार मीटरांच्या आत बसवली. मारुतीची डिझायर, जी २००८ मध्ये ४१६० मिलिमीटर लांब होती, ती २०१२ मध्ये ३९९५ मिलिमीटरवर आली. मागोमाग अमेझ, एक्सेंट, झेस्ट, अ‍ॅस्पायर आणि चाकणची अ‍ॅमिओ याच फर्म्यातून निघाल्या. सेडानचे सौंदर्य ज्या प्रमाणबद्धतेत होते, ज्या ओघाने छपराची रेषा मागच्या काचेवरून डिकीवर उतरत असे, तो ओघच या कापाकापीत गेला, असे माझे स्पष्ट मत आहे. जी मोटार पूर्वी पाहताच मनात भरे तिची धाकटी आवृत्ती उपयुक्त झाली खरी, पण स्पृहणीय राहिली नाही.

उलट उंच मोटारीस तीच चार मीटरची मर्यादा वरदान ठरली, कारण तिच्या आकारात मुळात शेपटीच नव्हती. २०१३ मध्ये अर्थमंत्री चिदंबरम यांनी, एसयूव्ही रस्त्याची आणि वाहनतळाची जागा अधिक व्यापतात असे कारण देऊन त्यांवरील अबकारी शेकडा २७ वरून ३० केली. परंतु त्याच वर्षी आलेली फोर्ड इकोस्पोर्ट, पुढे २०१६ ची ब्रेझा आणि २०१७ ची रांजणगावची नेक्सॉन या चार मीटरांच्या आतल्या असल्यामुळे त्या लहान मोटारींच्या सवलतीत बसल्या. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अधिभार वाढला, तेव्हा मोठ्या एसयूव्हीवर अधिभारासह शेकडा ५०, मध्यम सेडानवर ४५, आणि चार मीटरांच्या आतील गाडीवर, मग ती किती का उंच असेना, २९ किंवा ३१ असे दर ठरले. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत लहान मोटारींवर १८ आणि उरलेल्या सर्वांवर ४० असा दुपेडी हिशेब झाला. म्हणजे सेडानला मोठ्या एसयूव्हीच्या तुलनेत जी किंचित सवलत होती तीही संपली. २०२४ मध्ये टाटा पंच ही देशात सर्वाधिक खपलेली मोटार ठरली आणि चार दशके मारुतीकडे असलेला तो मान प्रथमच दुसरीकडे गेला.

कायद्याने मोटारीचा आकार घडवावा हे काही आपल्याच देशात घडले असे नाही. अमेरिकेने १९७५ मध्ये इंधनबचतीचा कायदा केला. पुढे त्याच्या नियमांत मालवाहू वर्गातील हलक्या वाहनांस सौम्य कसोटी मिळाली, आणि तिथले उत्पादक हळूहळू कुटुंबाची मोटारच त्या वर्गात नेऊन बसवू लागले. २०१८ च्या एप्रिलमध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत सेडान विकणेच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तो याच दीर्घ प्रवाहाचा शेवट होता.

तरीही सारा दोष करावर टाकून मोकळे होणे हे लोकांच्या सुजाणतेवर अन्याय करणारे ठरेल. गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली वाकून सेडानमध्ये उतरणे आणि पुन्हा हाताला धरून बाहेर निघणे किती जड जाते, हे ज्याने घरात पाहिले आहे तो उंच आसनाच्या गाडीस नावे ठेवणार नाही. आपल्या रस्त्यांवरील गतिरोधक कोणत्याही मापाला न जुमानता बांधलेले असतात, आणि भरलेल्या सेडानचे पोट त्यांवर घासले गेल्याचा आवाज मालकाच्या काळजास चरा पाडतो. सेडानची जमिनीपासूनची उंची साधारण १६० ते १७० मिलिमीटर, तर नेक्सॉनसारख्या गाडीची दोनशेच्या पुढे. पावसाळ्यात मोरीवर वीतभर पाणी असताना हा फरक कागदावरचा राहत नाही. आणि मानाचे म्हणाल, तर १ मे २०१७ रोजी लाल दिवे उतरले त्याच्या कितीतरी आधी पुढाऱ्यांनी पांढरी अँबॅसिडर सोडून स्कॉर्पिओ आणि फॉर्च्युनर धरली होती. नाशिकच्या कारखान्यातून २००२ मध्ये निघालेल्या स्कॉर्पिओने ग्रामीण महाराष्ट्रात अधिकाराचे दृश्य रूप पालटून टाकले. ज्या जीपच्या वंशास एके काळी मामलेदाराचे वाहन एवढाच दर्जा होता, त्याला दरबारी मान मिळाला.

परंतु मला जी गोष्ट मनापासून खुपते ती ही, की आज विकली जाणारी बहुसंख्य उंच मोटार ही त्या जीपची वारस नाही. तिचा सांगाडा लहान हॅचबॅकचाच असतो, शक्ती पुढच्या दोनच चाकांना मिळते, आणि चिखलात रुतल्यावर ती डिझायरइतकीच असहाय होते. दुसरीकडे गुंजवण्यापर्यंतचा रस्ता आता डांबरी आहे. ज्या वाटेवर खरोखर जीप लागत असे ती वाट सुधारत गेली, आणि नेमक्या त्याच काळात लोक वाट बिकट असल्याच्या समजुतीने उंची विकत घेऊ लागले. या उंचीची किंमत प्रत्येक मैलाला मोजावी लागते. वाऱ्याचा विरोध अधिक, म्हणून इंधन अधिक. गुरुत्वमध्य वर, म्हणून वेल्ह्याहून पानशेतकडे उतरणाऱ्या पाबे घाटाच्या वळणांवर आतली माणसे या अंगावरून त्या अंगावर कलंडतात आणि मुलांना मळमळते. त्याच वळणांवर चांगली सेडान जमिनीला धरून चालते. सामान वेगळ्या खणात असल्याने आत आवाज कमी, तांदळाच्या पोत्याचा किंवा सुक्या मासळीचा वास माणसांच्या नाकाशी येत नाही, आणि एकाएकी ब्रेक लागला तर मागची बॅग कुणाच्या मानेवर येऊन आदळत नाही. याहून गंभीर बाब रस्त्यावरच्या इतरांची आहे. उंच नाकाच्या मोटारीसमोर उभे असलेले लहान मूल चालकास दिसत नाही, आणि धडक बसलीच तर ती पायांवर न बसता छातीवर वा डोक्यावर बसते. साखर ते गुंजवणे या अरुंद रस्त्यावर सकाळी शाळेची मुले, गुरे आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाया चालत असतात, पदपथ नाही. शहरातून येणाऱ्या पाहुण्याने आपली सुरक्षितता ज्या उंचीत शोधली, तिचा धोका या पायी चालणाऱ्यांच्या वाट्यास जातो, हा विचार मोटार घेताना कुणी मांडत नाही. तो मांडला गेला पाहिजे.

सेडान अगदी संपली असे म्हणण्याची वेळ अद्याप आलेली नाही. कोरोला आणि सिव्हिक २०२० मध्ये आपल्या बाजारातून गेल्या, मारुतीची सियाझ २०२५ मध्ये थांबली; परंतु डिझायर अजून विक्रीच्या अग्रभागी आहे, आणि तिच्या २०२४ च्या आवृत्तीस अपघात-चाचणीत पाच तारे मिळाले आहेत. चाकणहून २०२२ पासून निघणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हिया या दोन मोटारींत तर या जातीचे सारे जुने गुण अबाधित आहेत, आणि त्या आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच कामगारांच्या हातून घडतात. सरकारने मोटारीवरील कर लांबीच्या मापाने न लावता वजनाच्या आणि इंधनाच्या मापाने लावावा, ही मागणी मी करतो. आणि जे वाचक नवी मोटार घेण्याच्या विचारात असतील त्यांनी दोन्ही प्रकारच्या गाड्या, घरातील वडीलधाऱ्यांना मागे बसवून, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर आणि एखाद्या घाटात स्वतः चालवून पाहाव्यात, आणि मगच विसाराची रक्कम भरावी.